आपत्तीच्या वेळी हॅम रेडिओ : ठाणे व नवी मुंबईतील स्वयंसेवकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कल्याण, डोंबिवली, ऐरोली, वाशी आणि पनवेल या पट्ट्यातून हॅम रेडिओविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा विषय दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हॅम रेडिओ म्हणजे नेमके काय? तो आणि वॉकीटॉकी एकच का?

हॅम रेडिओ, म्हणजेच हौशी रेडिओ, ही केंद्र सरकारच्या परवान्याने चालणारी आणि कोणत्याही आर्थिक लाभाशी संबंध नसलेली रेडिओसेवा आहे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतःचे कॉलसाइन, म्हणजे हवेवरची ओळख, मिळते आणि नेमून दिलेल्या बँडमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांत, स्वतःचे केंद्र चालवता येते. हातातला वॉकीटॉकी हे त्या केंद्रातील सर्वांत लहान साधन झाले. त्याशिवाय मोटारीत किंवा टेबलावर बसवायचे अधिक शक्तीचे संच असतात आणि शेकडो किलोमीटरपर्यंत पोहोचणारे एचएफ, म्हणजे लघुलहरींचे, संचही असतात. सुरक्षारक्षकांच्या हाती दिसणारे वॉकीटॉकी वेगळ्या परवान्यावर चालतात, त्यामुळे दिसायला सारखे असले तरी ते हॅम रेडिओ नव्हेत.

२. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. मग याची गरजच काय?

मोबाइल चालू असेल तर मोबाइलच वापरावा. पावसाळ्यातील बहुतेक दिवशी तो चालतो, आणि अशा वेळी रेडिओचा आग्रह धरणाऱ्या स्वयंसेवकामुळे नियंत्रण कक्षाचे काम वाढते. अडचण येते ती साखळी तुटल्यावर. मोबाइलवरचे एक वाक्य पलीकडे पोहोचण्यासाठी टॉवर, टॉवरची वीज, वीज गेल्यावर त्याची बॅटरी किंवा जनरेटर, टॉवरला जोडणारी केबल आणि कंपनीची यंत्रणा हे सगळे एकाच वेळी शाबूत असावे लागते. शिवाय लाखो लोक एकाच क्षणी फोन लावू लागले की शाबूत यंत्रणाही कोंडते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदीकाठची गावे पाण्याखाली गेली आणि फोन लागेनासे झाल्यामुळे असंख्य घरांत रात्रभर कोणाला कोणाचा पत्ता नव्हता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी तर पाऊसही नव्हता. तरी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. दोन हॅम केंद्रांमध्ये मात्र दोन संच, दोन अँटेना आणि दोन बॅटऱ्या एवढेच असते. मध्ये कोणाचीही यंत्रणा नसते, आणि या सेवेचे बळ त्यातच आहे.

३. भारतात याचा खरोखर उपयोग झाला आहे का?

झाला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर हॅम मंडळींनी संपर्काचे काम केले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे उदाहरण सर्वांत जास्त सांगितले जाते. व्हीयू२आरबीआय या कॉलसाइनच्या भारती प्रसाद रेडिओ मोहिमेसाठी सहकाऱ्यांसह अंदमानात गेल्या होत्या. त्सुनामीने बेटांचा संपर्क तोडल्यानंतर त्यांनी पोर्ट ब्लेअरहून मोहीम थांबवून बेटे आणि मुख्य भूमी यांच्यातील निरोप पोहोचवण्याचे काम हाती घेतले. तेथे उपयोगी पडलेली साधने छंदासाठीच नेलेली होती, पण ती चालू स्थितीत होती आणि चालवणारी माणसे सरावातली होती, ही बाब नव्या स्वयंसेवकाने नीट लक्षात घ्यावी.

४. परवाना कसा मिळतो? वयाची किंवा शिक्षणाची अट आहे का?

किमान वय १२ वर्षे आहे. विज्ञान शाखेचीच पदवी हवी असे काही नाही. परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या डब्ल्यूपीसीकडून मिळतो, आणि अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी संकेतस्थळावर करावा लागतो. लेखी परीक्षेत दोन विषय असतात : रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम. शालेय विज्ञानातील वीज, चुंबकत्व आणि लहरी एवढे पक्के असेल तर दोन-तीन महिन्यांच्या नियमित अभ्यासात ती उत्तीर्ण होता येते. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि परवाना हाती येणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कागदपत्रांच्या पडताळणीला वेळ लागतो, म्हणून येत्या पावसाळ्यात काम करायचे असेल तर मागील दिवाळीतच अभ्यासाला लागावे.

या सेवेचे मूळ नियम १९७८ चे असून त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. दूरसंचार कायदा, २०२३ टप्प्याटप्प्याने लागू होत असल्यामुळे शुल्क आणि मुदत यांसाठी जुन्या पुस्तिकांवर विसंबू नये. अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावर असलेला नियमच ग्राह्य मानावा.

५. मोर्स कोड यावाच लागतो का?

परवान्याच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीसाठी नाही. ‘जनरल’ श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने मोर्स घेता आणि पाठवता यावा लागतो. कॉलसाइनच्या सुरुवातीवरून श्रेणी बहुधा ओळखता येते : व्हीयू२ म्हणजे जनरल, व्हीयू३ म्हणजे रिस्ट्रिक्टेड. आपत्तीतील बहुतेक स्थानिक काम बोलूनच होते, त्यामुळे मोर्स येत नाही म्हणून परीक्षा लांबणीवर टाकू नये.

६. पहिल्यांदा कोणती साधने घ्यावीत?

परवाना हाती आल्यावर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे दोन मीटर बँडच्या, एका साध्या संचाने सुरुवात करावी. नवे लोक हँडसेटच्या मॉडेलवर फार वेळ खर्च करतात आणि अँटेनाकडे दुर्लक्ष करतात; आमच्या मते हा क्रम उलटा असावा. पाच वॅटच्या साध्या हँडसेटला खिडकीबाहेर टांगलेली, नीट जुळवलेली अँटेना लावली तर जो फरक पडतो, तो महागडा हँडसेट घेऊन पडत नाही.

आपल्याकडील पावसात एक गोष्ट विशेष जपावी लागते. बाहेरच्या केबलच्या जोडातून पाणी शिरले की ते आतल्या तांब्याच्या जाळीतून हळूहळू खाली उतरते. वरून केबल कोरडी व धडधाकट दिसते, पण आतले तांबे हिरवे-काळे पडलेले असते आणि निम्मी शक्ती वाटेतच जिरते. म्हणून मेअखेरीस प्रत्येक जोड उघडून पाहावा, शंका आल्यास केबलचा तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावावा, त्यावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते.

७. ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी मिळतात. परवाना नसताना एखादा घेऊन ठेवला तर चालेल का?

नाही. हॅम बँडचा संच परवान्याशिवाय बाळगणे आणि चालवणे दोन्ही बेकायदेशीर आहे. ‘फक्त संकटात वापरणार होतो’ हा बचाव नव्हे. अशा संचांच्या बेकायदेशीर विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा दिल्या आणि त्याच वर्षी मार्गदर्शक तत्त्वेही जारी केली. परवान्याशिवाय वापरता येणारे कमी शक्तीचे संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात, आणि त्यांनाही सरकारी मान्यता असावी लागते. सोसायटीच्या आवारात किंवा गिर्यारोहणाच्या गटात ते उपयोगी पडतात, मात्र त्यांवरून हॅम केंद्रांशी बोलता येत नाही. अगदी जिवावरच्या प्रसंगाविषयी प्रश्न २० पाहावा.

८. माझ्या हँडसेटवरून कळव्याहून बेलापूरला आवाज पोहोचेल का? किती किलोमीटर जातो?

या प्रश्नाला किलोमीटरमध्ये उत्तर देणे दिशाभूल करणारे ठरेल, कारण दोन मीटर बँडच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात आणि आपल्या भागात नजर फार लवकर अडते. कळवा-मुंब्रा आणि ऐरोली-रबाळे यांच्यामध्ये पारसिकचा डोंगर उभा आहे. ठाणे आणि बोरिवली यांच्यामध्ये येऊर आहे. बेलापूर व खारघर यांच्या पाठीशीही टेकड्या आहेत. खाडीकाठाने मोकळी दिशा मिळाली तर ठाण्याच्या उंच इमारतीवरून वाशीपर्यंत स्वच्छ बोलणे होते, आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावरून शेजारचा चौकही लागत नाही. म्हणून आपल्या घरातून, गच्चीवरून आणि जवळच्या शाळेतून कोणकोणती ठिकाणे लागतात याचा तक्ता प्रत्येकाने कोरड्या दिवसांत स्वतः तयार करावा. असा हाताने भरलेला तक्ता कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचा आहे.

डोंगर ओलांडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला रिपीटरचा : उंचावर बसवलेले केंद्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर अधिक शक्तीने पुन्हा प्रसारित करते. मात्र रिपीटरही वीज, अँटेना आणि देखभाल यांवर अवलंबून असतो, त्यामुळे तो बंद पडल्यास कोणत्या थेट फ्रिक्वेन्सीवर भेटायचे हे आधीच ठरलेले असावे. रिपीटर नसेल तर उंच इमारतीवरचा किंवा टेकडीवरचा एखादा सहकारी मध्ये राहून निरोप पुढे देऊ शकतो.

दुसरा मार्ग एचएफचा आहे, आणि सह्याद्रीच्या कुशीतील जिल्ह्यांसाठी आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. ४० मीटर बँडची तारेची अँटेना मुद्दाम कमी उंचीवर, म्हणजे जमिनीपासून चार-पाच मीटरवर, बांधली की तिची बरीचशी ऊर्जा सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत खाली येऊन तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात पसरते. वरून येणाऱ्या लहरीला घाट आणि दऱ्या आड येत नाहीत, त्यामुळे ठाण्याहून महाड, नाशिक किंवा कोल्हापूर गाठता येते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी दोन्ही बाजूंना सुमारे दहा-दहा मीटर तार लागते. शाळेच्या मैदानात दोन माणसे अर्ध्या तासात ती उभी करू शकतात. रात्री उशिरा हा बँड जवळच्या अंतरासाठी बंद पडू लागला की ८० मीटरवर जावे लागते, आणि वादळी पावसात तेथे विजांची खरखर फार असते. या क्षेत्रासाठी आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाने आपत्तीतील संपर्ककेंद्र म्हणून सुचवलेल्या फ्रिक्वेन्सींमध्ये ३.६०० आणि ७.११० मेगाहर्ट्झ आहेत. इतर वेळीही तेथे आधी ऐकावे आणि मगच बोलावे.

९. सोसायटी गच्चीवर अँटेना लावू देत नाही. काय करावे?

परवान्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा, अँटेना कशी व कोठे बांधणार त्याचे साधे रेखाचित्र द्यावे आणि गच्चीच्या जलरोधक थराला छिद्र पडणार नाही हे स्पष्ट लिहावे. समितीची खरी काळजी बहुतेक वेळा गळतीची असते. ‘याने कर्करोग होतो का’ हा प्रश्न येतोच. त्यावर चिडू नये. संचाची शक्ती, वापराचा वेळ आणि लोकांपासूनचे अंतर सांगून शांतपणे उत्तर द्यावे. परवानगी मिळाली नाही तरी काम अडत नाही : दूरचित्रवाणीच्या जुन्या चपट्या दुपदरी तारेची दोन मीटर बँडची अँटेना गुंडाळून पिशवीत राहते आणि गरजेच्या वेळी गॅलरीतून टांगता येते. ऐरोली-कळवा परिसरातील उच्चदाब वाहिन्यांच्या जवळ मात्र कोणतीही तार किंवा काठी उभारू नये, आणि विजा कडाडू लागल्यावर बाहेरची अँटेना संचापासून काढून ठेवावी.

१०. वीज गेल्यावर संच किती वेळ चालेल?

हिशेब करूनच सांगता येते, आणि तो प्रत्येकाने स्वतःच्या संचासाठी करावा. मोटारीत बसवायचा २५ वॅटचा संच ऐकताना सुमारे अर्धा अँपिअर आणि बोलताना सुमारे सहा अँपिअर घेतो असे धरू. बारा तासांत एकदशांश वेळ बोललो तर बोलण्याचे ७.२ आणि ऐकण्याचे ५.४ मिळून १२.६ अँपिअर-तास लागतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून एका पाळीसाठी २६ अँपिअर-तासांची बॅटरी हवी. संगणकाच्या यूपीएसमधील ७ अँपिअर-तासांची बॅटरी याच वापराला जेमतेम तीन तास पुरेल. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या सॉकेटमधून वीज घेण्यापेक्षा बॅटरीवरून थेट, फ्यूज लावून, १२ व्होल्ट घ्यावेत. इन्व्हर्टरचा गोंगाट संचात येतो आणि कमजोर आवाज त्यात बुडतात. शक्ती कमी करून काम होत असेल तर कमीच ठेवावी.

११. निरोप पाठवण्यात शिकण्यासारखे काय आहे? बटण दाबून बोलायचेच ना?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे, असे आम्ही मानतो. आपत्तीत चुकीचा पोहोचलेला निरोप न पोहोचलेल्या निरोपापेक्षा घातक ठरू शकतो, कारण त्यावर विसंबून बोट, रुग्णवाहिका किंवा औषध भलत्या ठिकाणी रवाना होते. म्हणून औपचारिक निरोप नेहमी आधी कागदावर लिहावा आणि मगच वाचावा. सरावासाठी आम्ही असे निरोप बनवतो :

क्रमांक ७. प्राधान्य : तातडीचा. वेळ : १४४०. कोणाकडून : निवारा केंद्र प्रमुख, शाळा क्रमांक दोन. कोणास : तहसीलदार, कल्याण. मजकूर : केंद्रात ६४ जण. गर्भवती २. इन्सुलिन हवे. रस्ता बंद, बोटीने येता येईल.

घेणाऱ्याने हा निरोप लिहून घ्यावा आणि संपूर्ण वाचून दाखवावा. पाठवणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच तो पोहोचला असे धरावे. मजकूर ज्या अधिकाऱ्याने दिला त्याचाच ठेवावा. ऑपरेटरने त्यात आपला अंदाज, आपली सुधारणा किंवा आपली घाई मिसळू नये. प्राधान्याचे शब्दही जपून वापरावेत : जिवाचा प्रश्न असेल तर ‘आणीबाणी’, मदतकार्याचा असेल तर ‘तातडीचा’, खुशालीचा असेल तर ‘खुशाली’. सगळेच निरोप आणीबाणीचे झाले की कोणताच आणीबाणीचा राहत नाही.

मराठी आकडे खरखरीत फसवतात. बासष्ट आणि बहात्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पस्तीस आणि सदतीस यांत आवाज जरा तुटला की गोंधळ होतो. सात आणि साठ यांचेही तेच. म्हणून चौसष्ट म्हटल्यानंतर ‘अंकी सहा, चार’ असे सांगावे, आणि सव्वाशे किंवा दीडशे न म्हणता ‘एक, दोन, पाच’ किंवा ‘एक, पाच, शून्य’ म्हणावे.

ठिकाणांच्या नावांचा गोंधळ तर आपल्या भागात पदोपदी आहे. कोपरी ठाणे पूर्वेला आहे, कोपरी गाव नवी मुंबईत आहे, कोपर स्थानक दिवा आणि डोंबिवलीच्या मध्ये आहे, आणि कोपरखैरणे चौथेच. राबोडी ठाण्यात, रबाळे नवी मुंबईत. दिवा म्हटले की रेल्वे जंक्शनही डोळ्यांपुढे येते आणि ऐरोलीचे दिवा गावही. ‘सेक्टर १०’ एवढेच सांगणे निरर्थक आहे, कारण वाशी, नेरुळ, खारघर अशा प्रत्येक नोडमध्ये क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. शहर, नोड किंवा गाव, सेक्टर आणि जवळची ठळक खूण या क्रमाने पत्ता सांगण्याची सवय लावून घ्यावी.

१२. मराठीत बोलले तर चालते का? ते क्यू-कोड पाठ करावे लागतात का?

मराठीत बोलता येते, आणि स्थानिक मदतकार्यात मराठीतच बोलावे. ‘क्यूटीएच’ म्हणजे ठिकाण आणि ‘क्यूएसएल’ म्हणजे निरोप मिळाला, असे संकेत हॅम मंडळींत रुळलेले आहेत व परीक्षेतही विचारले जातात. पण शेजारी तलाठी किंवा परिचारिका उभी असेल तर त्यांना समजेल असेच बोलावे. औषधांची नावे इंग्रजी अक्षरांत, ‘अल्फा, ब्राव्हो’ पद्धतीने सांगावीत. मराठी नावांसाठी ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ ही शाळेतली पद्धत उत्तम चालते. गुप्त संकेत किंवा कूटलेखन मात्र या सेवेत निषिद्ध आहे.

१३. माझ्याकडे परवाना नाही आणि परीक्षाही द्यायची नाही. मी काही करू शकतो का?

पुष्कळ. नियंत्रण कक्षात बसलेल्या ऑपरेटरला निरोप लिहून देणारा, नोंदवहीत वेळ टिपणारा आणि कागद योग्य टेबलावर नेणारा मदतनीस नसेल तर दोन तासांत ऑपरेटर थकतो आणि चुका करू लागतो. बॅटऱ्या चार्ज करणे, अँटेना उभारायला हात देणे, गच्चीची किल्ली मिळवून देणे, सोसायटीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी अद्ययावत ठेवणे ही सगळी कामे परवान्याशिवाय करता येतात. शांत आवाज आणि स्वच्छ अक्षर असलेल्या माणसाची आम्हाला नेहमीच गरज असते.

१४. पाणी भरू लागले की संच घेऊन थेट घटनास्थळी जावे का?

जाऊ नये. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्ह्यातील कामाची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे असतात, आणि शहरांत महापालिकांचे आपत्ती कक्ष काम करतात. न बोलावता आलेला स्वयंसेवक अरुंद रस्त्यावर आणखी एक वाहन उभे करतो, आणि तो स्वतः अडकला तर त्याच्यासाठी बोट पाठवावी लागते. घरातील माणसे सुरक्षित आहेत याची खात्री करावी, संच चालू करून ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकत राहावे, नेट, म्हणजे एका नियंत्रक केंद्राच्या देखरेखीखाली चालणारे रेडिओवरील बोलणे, सुरू झाल्यावर त्या केंद्राकडे कॉलसाइन आणि ठिकाण नोंदवून थांबावे. असे थांबणे हेही कामच आहे. तुमच्यासमोर कोणाला तातडीची मदत हवी असेल आणि फोन लागत असेल, तर आधी ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लावावा.

ओळख मात्र मे महिन्यातच करून ठेवावी. कक्षातील अधिकाऱ्यांनी आपले केंद्र कधीही पाहिलेले नसेल तर ऐन रात्री ते आपल्या हाती निरोप सोपवणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. गणेश विसर्जनाचा बंदोबस्त, पावसाळ्यापूर्वीची रंगीत तालीम अशा प्रसंगी परवानगी घेऊन सोबत काम केले की विश्वास बसतो. अशा तालमीत प्रत्येक निरोपाच्या आधी आणि शेवटी ‘सराव, सराव’ असे म्हणावे, नाहीतर ऐकणाऱ्या तिसऱ्याच माणसाची गाळण उडते.

१५. शेजारी म्हणतात, ‘आमच्या मुलाला सांगा, आम्ही ठीक आहोत.’ असा निरोप पाठवता येतो का?

इतर दिवशी नाही : परवानाधारकाने तिसऱ्या माणसाचे निरोप वाहून नेण्याची मुभा सर्वसाधारणपणे नसते. नेहमीची दूरसंचार यंत्रणा बंद पडल्यास किंवा नैसर्गिक आपत्तीत ती मिळते, आणि भारतीय नियमांचा रोख अशा वेळी जिल्हाधिकारी किंवा तत्सम सक्षम अधिकाऱ्यांच्या निरोपांवर आहे. त्यामुळे खुशालीचे निरोप निवारा केंद्राच्या अधिकाऱ्यामार्फत, यादीच्या रूपात घ्यावेत आणि मदतकार्याचे निरोप संपल्यावर पाठवावेत. ‘नक्की पोहोचवतो’ असे वचन कोणालाही देऊ नये. ‘घेतला आहे, संधी मिळताच पाठवतो’ एवढेच खरे सांगता येते.

१६. रुग्णाचे किंवा मृताचे नाव हवेवर सांगावे का? सगळेच ऐकत असतात ना?

होय, कोणीही ऐकू शकते, आणि प्रश्न १२ मध्ये म्हटल्याप्रमाणे कूटलेखन करता येत नाही. म्हणून नावे कागदावरच्या यादीत ठेवावीत आणि हवेवर फक्त ‘यादी क्रमांक तीन, पुरुष, वय अंकी पाच-दोन’ असे सांगावे. यादीची प्रत दोन्ही टोकांना असेल तर हे सहज जमते. मृत्यूची बातमी अधिकाऱ्याच्या स्पष्ट सूचनेशिवाय रेडिओवरून देऊ नये. एखाद्या आईला आपल्या मुलाविषयी गच्चीवरच्या खरखरत्या संचातून कळावे, ही वेळ आपल्यामुळे कोणावर येऊ देऊ नये.

१७. पोलीस किंवा अग्निशमन दलाचे बोलणे ऐकून लोकांना सावध केले तर?

करू नये. आपल्यासाठी नसलेले बोलणे चुकून कानावर आले तरी ते इतरांना सांगणे किंवा लिहून पसरवणे परवान्याच्या अटींत बसत नाही. अर्धवट ऐकलेल्या वाक्यातून ‘धरण फुटले’ अशी अफवा पसरायला दोन मिनिटे पुरतात. बारवी, भातसा किंवा मोरबे धरणांविषयी बोलायचे ते फक्त अधिकृत निरोपाच्या आधारे.

१८. आमची कंपनी एमआयडीसीत आहे. सुरक्षा विभागासाठी हॅम संच वापरता येतील का?

नाही. कंपनीचे दैनंदिन काम व्यावसायिक ठरते आणि त्यासाठी स्वतंत्र परवाना व स्वतंत्र फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते, मग ते काम सुरक्षेचे का असेना. ठाणे-बेलापूर पट्टा आणि डोंबिवली येथील रासायनिक कारखान्यांचा धोका खरा आहे, आणि डोंबिवलीने मे २०१६ व मे २०२४ मध्ये मोठे स्फोट पाहिले आहेत. तेथील परवानाधारक कर्मचारी व्यक्ती म्हणून, प्रशासनाच्या बोलावण्यावरून, अवश्य मदत करू शकतात. वायुगळतीची शक्यता असेल तेथे मात्र साधा हँडसेट घेऊन आत जाऊ नये. ज्वालाग्राही वातावरणासाठी खास प्रमाणित संच असतात.

१९. इंटरनेटला जोडलेल्या डिजिटल हॉटस्पॉटवरून मी रोज बोलतो. तो पुरेसा नाही का?

हँडसेटचे बोलणे इंटरनेटमार्फत पुढे नेणारे हे छोटे यंत्र. गप्पा, अभ्यास आणि ओळखी वाढवण्यासाठी तो चांगला आहे. पण घरचा राउटर बंद पडला की तो थांबतो, म्हणजे प्रश्न २ मध्ये सांगितलेलीच साखळी तेथे पुन्हा येते. रोजचे बोलणे त्यावर असले तरी आठवड्यातून एकदा बॅटरीवर, थेट हवेतून, मध्ये काहीही न ठेवता बोलून पाहावे.

२०. परवाना नाही, परवानाधारक जवळ नाही किंवा तोच बेशुद्ध आहे, आणि जीव धोक्यात आहे. संचाचे बटण दाबावे का?

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत असे तत्त्व आहे की संकटात सापडलेल्या केंद्राला लक्ष वेधण्यासाठी, आपले ठिकाण कळवण्यासाठी आणि मदत मिळवण्यासाठी हाताशी असेल ते साधन वापरण्यापासून ती नियमावली रोखत नाही. हे तत्त्व खऱ्या आणि तत्काळ प्राणसंकटापुरते आहे. त्याच्या आधारे संच विकत घेऊन ठेवता येत नाही. मोबाइलवर नेटवर्क दिसत नसले तरी आधी ११२ लावून पाहावा, कारण दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर तो लागू शकतो. तोही लागला नाही आणि परवानाधारकाचा संच समोर चालू असेल, तर फ्रिक्वेन्सी न बदलता बटण दाबावे, एक सेकंद थांबावे, आपले नाव, नेमके ठिकाण, काय झाले आहे आणि किती माणसे आहेत एवढे सांगून बटण सोडावे व ऐकावे. उत्तर देणारा जे विचारेल तेवढेच सांगावे. प्रसंग निभावल्यावर घडलेली वेळ व बोलणे परवानाधारकाच्या नोंदवहीत लिहावे.

घरात हॅम संच असेल तर कुटुंबीयांना हे आधीच शिकवून ठेवावे, आणि संचाशेजारी कॉलसाइन, पूर्ण पत्ता व ठरलेली फ्रिक्वेन्सी ठळक अक्षरांत लिहून चिकटवावी.